पुढच्या हंगामाचे कार्ड

मी एक जुने कटर आहे, कागद कापायचे. ओहायोतल्या एल्डन गावी, क्रूगर कुटुंबाच्या तळघरात, कामाच्या बाकावर माझा मुक्काम आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला फारसे काही वाटणार नाही. खाली मेपलच्या लाकडाचा चौकोनी पाट, पाटावर इंचांच्या खुणा आणि उजव्या अंगाला हातभर लांबीचे पोलादी पाते. पात्याच्या टोकाला लाकडी मूठ. मूठ उचलायची, कागद सरकवायचा, मूठ खाली दाबायची. खच्च! एवढेच माझे काम. पण हे काम करता करता मी एका घराचे काय होताना पाहिले, ते आज सांगणार आहे. ऐकताना मधेच अंगावर काटा आला तर जवळ कुणीतरी मोठे माणूस असू द्या.

नदीकाठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी गावच्या शाळेच्या कचेरीत आले. परीक्षेचे कागद, सहलीच्या सूचना, नाटकाची तिकिटे, जे पुढ्यात येईल ते कापत राहिले. पुढे कचेरीत नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी जिन्याखालच्या अडगळीत झाली, झाडू-बादल्यांच्या शेजारी. पाते गंजले. मग एकदा चर्चच्या जुन्या बाजारात मला मांडले, तेव्हा ऑरिन पेटीबोन नावाच्या गृहस्थांनी मला उचलले. त्यांचे गावात औषधांचे दुकान होते. त्यांनी तेल लावून माझा गंज काढला, पात्याला धार लावली आणि मला एका वेगळ्याच कामाला जुंपले.

ऑरिन आजोबा बेसबॉलची कार्डे बनवत. दुकानात मिळतात ती कार्डे गाजलेल्या खेळाडूंची. पुढे फोटो, मागे त्याच्या खेळाचे आकडे. आजोबा बनवत ती अशा माणसांची, ज्यांचे कार्ड कोणताही कारखाना कधी छापणार नव्हता. दर रविवारी हरणाऱ्या गिरणीच्या संघाचा, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा कॅचर, अख्ख्या हंगामात एकच धाव काढलेला पोस्टमन, असे. कार्ड विकायचे नाही, ज्याचे त्याला द्यायचे, हा त्यांचा शिरस्ता. तो पोस्टमन आपले कार्ड हातात घेऊन दुकानातच रडला होता, असे आजोबा सांगत.

कार्ड कसे होते, तेही सांगते. पुढची बाजू एका जाड कागदावर छापायची, मागची दुसऱ्यावर. दोन्ही पाठीला पाठ लावून चिकटवायचे, मधे बुडबुडा राहू द्यायचा नाही, मग रात्रभर वजनाखाली दाबून ठेवायचे. फोटो कार्डाच्या मापापेक्षा मुद्दाम थोडा मोठा छापतात. म्हणजे पाते केसभर इकडेतिकडे गेले तरी पांढरी कड दिसत नाही. ते रेषेबाहेरचे जास्तीचे चित्र मी कापते. कापलेल्या पट्ट्या बाकाखालच्या खोक्यात पडतात आणि पुन्हा त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. मी मात्र पाहते, कारण त्या माझ्याच पात्यावरून घसरत जातात.

महिन्यातून एका शनिवारी आजोबांसारखे आठ-दहा हौशी लोक चर्चच्या सभागृहात जमत आणि कॉफी-डोनट खात एकमेकांची कार्डे न्याहाळत. मैदानावर चुन्याच्या रेषेवर पाय न देणारी, चेंडू टाकणारा पिचर रंगात आला की अपशकुन नको म्हणून त्याच्याशी चकार शब्द न बोलणारी ही माणसे. त्यांच्या या मंडळाचा एक नियम होता. हंगाम संपल्याशिवाय कार्डाची मागची बाजू छापायची नाही. पुढे हवे ते करा, आकाश जांभळे करा, माणसाला राजाचा मुकुट घाला. मागे मात्र जे झाले तेवढेच. हा नियम कुणी कधी मोडल्याचे मी ऐकले नव्हते.

वय झाले तसे ऑरिन आजोबांचे हात थरथरू लागले. कापताना रेषा चुकू लागली. तेव्हा त्यांनी मला मंडळातल्या वेंडेल क्रूगरच्या स्वाधीन केले.

वेंडेल शाळेच्या बस दुरुस्त करतो. आडवा बांधा, मोठे हसू, हातांना डिझेलचा वास. त्याच्या घरी माझी पहिली काही वर्षे फार सुखाची गेली. त्याने शाळेच्या आचारीणबाईंचे कार्ड केले, रस्ता ओलांडून देणाऱ्या म्हातारबांचे केले, शेजारच्या कुत्र्याचेसुद्धा केले. आणि मुलगा ग्रेडी आठ वर्षांचा झाला तेव्हा त्याचे पहिले कार्ड केले. फोटोत पुढचे दोन दात नव्हते. मागे छापले होते : आवडता पदार्थ, आजीचे पॅनकेक. नावडती गोष्ट, झोप. हंगामातला पराक्रम, मधमाशीला भिऊन तिसऱ्या बेसवरून पळाला. वेंडेलची बायको जोलीन ते वाचून हसून हसून बेजार झाली होती. ते कार्ड मी इतके सरळ कापले होते की ऑरिन आजोबांनी माझ्या पाटावर हात फिरवला. मला फार बरे वाटले.

दर वर्षी ग्रेडीचे एक कार्ड होत राहिले. पोरगा उंच झाला, खांदे भरले. चेंडू असा टाकू लागला की समोरचा फलंदाज बॅट फिरवायचाच विसरे. सोळाव्या वर्षी शाळेच्या संघाकडून त्याने एकाहत्तर फलंदाज बाद केले. पण त्या वर्षीच्या कार्डाच्या मागे पॅनकेकला जागा उरली नव्हती. तिथे आकड्यांचे रकाने होते. वेंडेल ते कार्ड दिव्याखाली धरून पुन्हा पुन्हा वाचत बसे, आणि वाचताना तो हसत नसे.

मग तो फेब्रुवारी आला. बाहेर गुडघाभर बर्फ होता. तळघराची खिडकी जमिनीलगत आहे, ती पार बुजून गेली होती. ऑरिन आजोबा काठी टेकत जिना उतरून आले. वेंडेल संगणकावरून कागद छापून काढत होता.

"काय चाललंय?" आजोबांनी विचारले.

"ग्रेडीचं कार्ड. पुढच्या हंगामाचं."

"पुढची बाजू ना?"

"दोन्ही. हे बघा ना, मिस्टर पेटीबोन. शंभर फलंदाज बाद. कसं दिसतंय?"

आजोबा कागद हातात घेऊन उभे राहिले. 

"मैदानावर अजून बर्फ आहे, वेंडेल."

"बर्फ काय, वितळेल. पोरगा तीन इंच वाढलाय. शंभर म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ."

"मग हंगाम झाल्यावर छाप."

"अहो, गंमत म्हणून करतोय. स्वप्न बघायला पण तुमच्या मंडळाची परवानगी लागते का?"

"स्वप्न बघ की. पुढच्या बाजूला बघ. मागं छापलंस की ते होऊन गेलेलं असतं. मग पोराच्या हातात काय राहतं? नुसतं चुकणं."

"तुम्हाला ना, काळं मांजर आडवं गेलं तरी दोन दिवस झोप लागत नाही," असे म्हणून वेंडेल हसला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी त्याची गत झाली होती. आजोबा जिना चढू लागले. वरच्या पायरीवर थांबून ते म्हणाले, "ते कटर मी तुला अशासाठी नव्हतं दिलं."

वेंडेलने माझी मूठ उचलली. कागद सरळ होता, रेषा सरळ होती. मित्रांनो, मी आजवर जे झाले ते कापत आले होते. जे झाले नाही ते पात्याखाली आल्यावर कसे लागते, ते मला त्या दिवशी कळले. कागद नेहमीचाच होता, तरी मला तो जड गेला.

एक कार्ड वरच्या स्वयंपाकघरात फ्रीजवर चिकटले. तेवढ्यावर थांबला असता तर कदाचित पुढचे टळले असते. पण वेंडेलला राहवेना. त्याने चाळीस कार्डे काढली. बसच्या गॅरेजमध्ये दिली, न्हाव्याच्या दुकानात दिली, बोलिंग-ॲलीतल्या दोस्तांना दिली, नाश्त्याच्या हॉटेलात गल्ल्यामागे लावायला दिली. एक पाकिटात घालून कोलंबसच्या कॉलेजातल्या प्रशिक्षकालाही पाठवले.

ग्रेडी एक कार्ड घेऊन खाली आला.

"डॅड, हे कुणाचं आहे?"

"वाचता येत नाही का रे शाळेत जाऊन? तुझंच!"

"मी तर अजून चेंडूसुद्धा हातात घेतला नाही."

"घेशील ना. मला दिसतंय ते तुला दिसत नाही, एवढंच." वेंडेलने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेत किती माया होती, ते मी सांगू शकते. वाईट मनाचा माणूस नाही तो, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती.

ग्रेडी हसला. पण जाताना त्याने कार्ड बाकावर ठेवले ते पालथे, आकडे खाली घालून.

बर्फ वितळला, खिडकी मोकळी झाली आणि तो आवाज सुरू झाला. धप्प. थोड्या वेळाने पुन्हा धप्प. वेंडेलने गॅरेजच्या भिंतीला जुनी गादी टांगली होती. शाळेच्या सामन्यात एका पिचरने किती चेंडू टाकायचे याला मर्यादा असते. परसातल्या गादीला कसली आली मर्यादा? सराव करून घरी आल्यावर पोरगा अंधार पडेपर्यंत तिथे चेंडू टाकत असे. तो आवाज मातीतून, भिंतीतून माझ्या पाटापर्यंत येई. एप्रिलमध्ये तो आवाज ठाम होता. मे महिन्यात दोन आवाजांमधले अंतर वाढू लागले. आणि त्या मधल्या वेळात, खिडकीच्या काचेतून, मला पोराचे फक्त बूट दिसत. ते जागच्या जागी नुसते उभे असत.

वेंडेल प्रत्येक सामन्याला लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन जाई. परत आला की फोटो छापून माझ्यासमोर ठेवी. चौकटीत येई तो ग्रेडीचा चेहरा, दात आवळलेला, रुबाबदार. चौकटीबाहेर काय राही, ते मी पाहत होते. एका पट्टीत त्याचा डावा हात उजव्या कोपराला धरून होता. दुसऱ्या पट्टीत कोपर सुजून बाहीला घट्ट बसले होते. तिसरीत त्याची बोटे अशी वाकली होती, जणू चेंडू सुटून गेल्यावरही ती उघडायला तयार नव्हती. वेंडेल चौकट जरा डावीकडे सरकवी, जरा वर घेई आणि मूठ दाबी. खच्च. पट्टी खोक्यात. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. पण मी लाकूड आणि पोलाद.

या घरात कपडे धुण्याचे यंत्रही तळघरातच आहे. एका दुपारी जोलीन आणि ग्रेडी कपड्यांची टोपली घेऊन खाली आले.

"डाव्या हातानं का उचललीस रे?" जोलीनने विचारले.

"असंच."

"ग्रेडी, माझ्याकडे बघ. काल जेवलास पण डाव्या हातानंच."

"मॉम, सगळ्या पिचरांचं दुखतं. त्यात काय एवढं?"

"उद्या डॉक्टरकडे चल."

"हंगाम संपू दे ना. थोडेच सामने राहिलेत. आणि प्लीज, डॅडला नको सांगूस."

"का नको?"

"चाळीस कार्डं वाटलीत त्यानं. न्हावी केस कापताना विचारतो, 'किती झाले?' मी म्हटलं ऐंशी, तर म्हणतो, 'मग कार्डावर शंभर कसे?' सगळं गाव हसतं. आता काय मी घरोघर जाऊन कार्डं परत मागू?"

 जोलीनने त्याचा उजवा हात हातात घेतला आणि हलकेच सरळ करून पाहिला. तो पूर्ण सरळ झाला नाही. ग्रेडीने ओठ दातांखाली धरला. तिने ते पाहिले.

तिने वेंडेलला सांगितले, ते मी वरच्या फळ्यांमधून ऐकले. "अगं, पिचरचा हात आहे, दुखणारच," तो म्हणाला. "मी विचारलं की त्याला. 'मस्त आहे डॅड' म्हणाला."

"तुला तो दुसरं काय सांगणार?"

"तू उगाच घाबरवू नको त्याला."

शेवटच्या सामन्याच्या दिवशी, शनिवारी सकाळी, जोलीन एकटीच खाली आली. कचऱ्याची गाडी यायची होती, म्हणून तिने माझ्याखालचे खोके ओढले. रिकामे करता करता तिचा हात थांबला. एक पट्टी तिने उजेडात धरली, मग दुसरी, मग तिसरी. मग तिने सारे खोकेच माझ्या पाटावर उपडे केले आणि पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या. आठवड्यामागून आठवडे, कोपर, कोपर, कोपर. प्रत्येक पट्टीत ते आधीपेक्षा जास्त सुजलेले.

"वेंडेल!" तिने अशी हाक मारली की वर खुर्ची पडल्याचा आवाज झाला.

तो धावत खाली आला. तिने नुसते बोट दाखवले. तो पाहत राहिला. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"हे फोटो तू काढलेस," जोलीन म्हणाली. "आणि हे तूच कापलंस."

"मी... मला वाटलं, तो मधे मधे विश्रांती घेतोय."

"विश्रांती? अरे, आंधळा आहेस का तू?"

एवढ्यात ग्रेडी जिन्यावर आला. अंगात संघाचे कपडे, खांद्याला पिशवी. त्याने पाटावरच्या पट्ट्या पाहिल्या आणि क्षणभर त्याची मान खाली गेली.

"मॉम, आजचा एकच सामना. शंभराला नऊच राहिलेत."

"तू जाणार नाहीस."

"सगळे येणार आहेत. कोलंबसवाले पण." मग तो बापाकडे वळला. "डॅड?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत भयंकर क्षण कोणता, असे कुणी विचारले तर मी हा सांगेन. एका शब्दाचे काम होते. 'नको' म्हणायचे होते. वेंडेलने पट्ट्यांकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि मग घड्याळाकडे. मला वाटते, त्याला ती चाळीस कार्डे आठवत होती.

"तू ठरव," तो म्हणाला. "हात तुझा आहे."

सोळा-सतरा वर्षांच्या पोरावर सारे ढकलून बाप मोकळा झाला. जोलीन मटकन पायरीवर बसली. पण पोरगा एकटा गेलेला तिला सोसवले नसते, म्हणून तीही शेवटी गाडीत जाऊन बसली.

घर रिकामे झाले. बाकावरचा रेडिओ वेंडेल बंद करायला विसरला होता. दुपारी त्यावर गावच्या केंद्राने सामना लावला. निवेदक मोठ्या उत्साहात होता. "क्रूगरचे आज तीन झाले! शंभर गाठायला अजून सहा!" मधे एखादी जाहिरात लागे, बँडचा तुकडा लागे, आणि मग पुन्हा त्याचा आवाज. प्रेक्षक ओरडत होते. माझ्यावरच्या पट्ट्या तशाच पसरलेल्या होत्या.

"नव्याण्णव! मंडळी, फेब्रुवारीत छापलेलं कार्ड इथं माझ्या खिशात आहे, आणि आकडा शंभर आहे! असं कधी पाहिलंय का? क्रूगर थांबलाय. हात झटकतोय. कॅचर त्याच्याकडं चालत गेला. परत आला. क्रूगर तयार. टाकला! फिरली बॅट, हुकला चेंडू! शंभर! शंभर, मंडळी! काय म्हणत होतो मी..."

मग निवेदक थांबला.

"थांबा. क्रूगर खाली बसलाय. गुडघ्यावर. हात पोटाशी धरलाय. तो... मंडळी, त्याचं कण्हणं मला इथपर्यंत ऐकू येतंय."  मैदानावरच्या हजार माणसांचा आरडाओरडा बंद झाला होता. मग एका बाईच्या पायांचा, मैदानावरून धावत जाण्याचा आवाज आल्यासारखे मला वाटले. नंतर कुणीतरी घाईघाईने गाणे लावले.

कार्ड खरे ठरले होते. एकही आकडा चुकला नव्हता.

कोपरातला स्नायुबंध तुटला होता. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितले की लिहिता येईल, गाडी चालवता येईल, चेंडू मात्र आता विसरा. हात शेवटपर्यंत पूर्ण सरळ व्हायचा नाही. कोलंबसहून पुन्हा कुणी विचारले नाही. गावाला कुणाला बोल लावावा ते कळेना, म्हणून गाव कौतुकच करत राहिले. न्हाव्याने तर ते कार्ड चौकटीत बसवून आरशाशेजारी लावले. "बोलला तसं केलं पोरानं," असे तो गिऱ्हाइकांना सांगे. जोलीन त्या रस्त्याने जायची बंद झाली.

वेंडेल तळघरात येईनासा झाला. माझ्यावर धूळ बसली. पाते पुन्हा गंजू लागले, मुठीचा स्क्रू ढिला झाला. एकदा ऑरिन आजोबा वारल्याचे वर बोलताना कानावर आले. त्यांचे कार्ड कुणीच केले नाही. मला वाटले, आता आपले आयुष्य संपले, आणि खरे सांगते, मला त्याचे वाईट वाटले नाही.

पुन्हा बर्फ पडला. आणि एका संध्याकाळी जिन्यावर वेंडेलची पावले वाजली. त्याने दिवा लावला. संगणक सुरू केला. मी ओळखले, आणि माझ्या पोलादात थंडी भरली.

तो बराच वेळ खपत होता. पुढे ग्रेडीचा जुना फोटो, हसरा. मागे आकडे. पुढच्या हंगामाचे. ऐंशी फलंदाज बाद. वर ठळक अक्षरांत, परत आला! पोराला उभारी यावी म्हणून तो हे करत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि ओठांवर हसू होते. त्याने कागद चिकटवले, दाबले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पाटावर ठेवले. माझी मूठ वर उचलली. ढिला स्क्रू कुरकुरला.

"डॅड, काय करतोयस?"

ग्रेडी केव्हा खाली आला ते आम्हा दोघांनाही कळले नाही. बाकावर एक जास्तीचा छापील कागद पडला होता. त्याने तो उचलून मागची बाजू वाचली.

"तुझ्यासाठीच आहे," वेंडेल म्हणाला. "या वेळी ऐंशीच धरलेत. घाई नाही, हळूहळू."

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना तू?"

"डॉक्टरांना तुझ्यातलं काय कळतंय?"

ग्रेडीने उजवी बाही वर सरकवली. कोपरावर लांब, तांबडा व्रण होता. त्याने तो वाकडा हात माझ्या पाटावर, त्या कार्डावर ठेवला, पात्याच्या बरोबर खाली.

"काप," तो म्हणाला.

"ग्रेडी! हात काढ!"

"कार्डात बसेल एवढा ठेव. बाकीचा खोक्यात टाक."

"वेडा झालास का? काढ आधी! हे ढिलं झालंय, सुटेल हातातून!"

"मग नीट धर."

वेंडेलने दोन्ही हातांनी मूठ धरली. ढिल्या स्क्रूवर मूठ डगमगत होती. माझे पाते जड आहे, मित्रांनो. ते सुटले असते तर मला थांबता आले नसते. मी नुसते खाली पाहत होते. त्या व्रणाशेजारची एक शीर उडताना दिसत होती.

"काय हवंय तुला?" वेंडेल हुंदका देत म्हणाला. "सांग. काय करू मी?"

"म्हण. ग्रेडी आता पिचर नाही."

"बाळा..."

"म्हण ना. सगळं गाव म्हणतंय मी परत येईन. मॉम रडते आणि गप्प बसते. एकानं तरी म्हणा."

बर्फ खिडकीवर सरकत होता.  माझे पाते एक बोटभर खाली आले. वेंडेलने ते पुन्हा वर ओढले, जिवाच्या आकांताने.

"ग्रेडी," तो म्हणाला.  "ग्रेडी आता पिचर नाही."

"पुन्हा."

"माझा ग्रेडी आता पिचर नाही."

ग्रेडीने हात काढून घेतला. वेंडेलने माझे पाते दोन्ही हातांनी तान्ह्या मुलासारखे हळूहळू खाली टेकवले, कडी लावली आणि तिथेच जमिनीवर बसून तो मोठ्याने रडू लागला. पोरगा त्याच्या शेजारी बसला. तो रडला नाही. पण त्या उन्हाळ्यानंतर प्रथमच मी त्याला सैल, सावकाश श्वास घेताना ऐकले.

मित्रांनो, माझ्यासारखे कटर तुमच्या घरी असेल तर काम झाल्यावर पाते खाली टेकवून कडी लावायला विसरू नका. एवढी काळजी घेतली की माझी भीती उरत नाही. पण तुमच्यावर माया करणारे कुणी तुमचे पुढचे वर्ष आधीच छापून हातात देऊ लागले, तर ते कितीही सुरेख छापलेले असो, घेऊ नका. आणि तुम्ही मोठे झालात, तुमच्या पदरी पोरेबाळे आली, की त्यांचा दुखरा हात आधी बघा.